भांगाचे दिवस

हर्षितच्या मॉडेलचा मला पहिल्या दिवसापासून तिटकारा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती, हे लोक अजून आपापल्या परीने मोजत असतात. मोजू देत. तिटकारा होता, हे मी नाकारत नाही.

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर नोटीस येईल. वेळेवर होणारं तिचं तेवढं एकच काम आहे. ऑफिस बोईसरला, फरसाणाच्या दुकानाच्या माडीवर. दुपारी तीनला खाली शेव तळायला घेतली की वर साहेब लोकांना ठसका लागायचा आणि मीटिंग संपायची. त्या ऑफिसात दोन वर्षांत झालेल्या कामांपैकी निम्मी कामं शेवेमुळे आटोपली असं माझं मत आहे.

काम तसं सोपं होतं. भर समुद्रातून किनाऱ्याकडे गॅसची पाइपलाइन येते. तिची तपासणी करायला एक मोठं जहाज आणलं होतं. जहाजातून पाण्याखाली कॅमेरा सोडायचा, त्याची लांबलचक केबल, त्यामुळे जहाजाला पटकन वळता येत नाही. आजूबाजूच्या मच्छीमारांची जाळी त्या केबलमध्ये अडकू नयेत म्हणून चार बाजूंना चार मासेमारी बोटी पहाऱ्याला ठेवायच्या. त्यांना गार्ड बोट म्हणतात. चारही बोटी सातपाटीच्या, आणि त्या मिळवून देणारा मी. माझा हुद्दा लोकल कोऑर्डिनेटर. म्हणजे जन्म सातपाटीचा, फ्लॅट पालघरला, साहेबांचं इंग्रजी गावाला कळवायचं आणि गावाचं बोलणं साहेबांना. मधे उभं राहण्याचा पगार मिळत होता.

हर्षित इंदूरचा. वय एकतीस. कुठलं जहाज, कुठली बोट, कुठला माणूस कुठल्या दिवशी कुठे लागेल याचं वेळापत्रक तो करायचा. समुद्र त्याने विमानाच्या खिडकीतून पाहिला होता आणि त्याला तो बऱ्यापैकी कळला होता असं त्याचं म्हणणं. वागायला सज्जन, कुणालाही अरे-तुरे नाही, शिपायालासुद्धा 'जी'. त्याचाच मला जास्त राग यायचा. उर्मट माणसाचा राग करायला सोपं जातं.

त्याचं मॉडेल लॅपटॉपमध्ये असायचं. वारा किती, लाट किती, बोट मिळेल की नाही, माणूस येईल की नाही, यातलं काहीच आधी नक्की नसतं. म्हणून तो प्रत्येकाची शक्यता भरायचा आणि मग त्याचा लॅपटॉप डिसेंबर महिना एक हजार वेळा घडवून बघायचा. एक हजार डिसेंबर! त्यातून पडद्यावर हिरवे, पिवळे, लाल चौकोन उमटायचे. "शैलेश जी, ये नब्बे परसेंट है," तो हिरव्या चौकोनावर बोट ठेवून म्हणायचा, म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा हे काम ठरल्या दिवशी पार पडणार. मी मान डोलवायचो. त्या हजार डिसेंबरांपैकी एकही सातपाटीत घडलेला नव्हता. मॉडेलमध्ये सातपाटी म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, आणि ठिपक्याला खाडी नसते, गाळ नसतो.

आता सातपाटीची खाडी कशी आहे ते सांगायला हवं. बोटी आत खाडीत लागतात आणि खाडीच्या तोंडावर गाळ साचलाय. मोठी भरती असली की बोट त्यावरून निघते. लहान भरतीला पाणीच पुरेसं चढत नाही, बोट गाळावर टेकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती, ते उधाण. आणि अष्टमीपासून एकादशीच्या आगेमागे लहान भरती. त्या दिवसांना आमच्याकडे म्हणतात भांग. भांग आहे, म्हणजे समुद्र सुस्त आहे, प्रवाहाची ओढ कमी आहे, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. महिन्यातून दोनदा भांग, दोनदा उधाण. गावातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं.

ऑक्टोबरमध्ये हर्षितला 'स्थानिक माहिती' गोळा करायची लहर आली. मी त्याला माझ्या बहिणीच्या घरी नेलं. जयवंती माझी थोरली बहीण. तिचे मालक प्रताप, माझे भावोजी, चार गार्ड बोटींपैकी पहिल्या बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. बोटीचं नाव 'हेमाली', मुलीच्या नावावरून. मुलगी आधी की बोट आधी यावरून घरात अजून वाद आहे. ती एक बोट म्हणजे त्या घराचं सगळं काही. बाकी चार खोल्या, बोंबील वाळवायच्या काठ्या आणि भावोजींचा शब्द.

गावात हा शब्द का चालतो ते सांगतो. भावोजी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. शिमग्याला सगळा गाव झिंगलेला असतो तेव्हा हा माणूस जेट्टीवर बसून जाळं शिवत असतो. जयवंतीने बायकांना घेऊन बंदरावरचा दारूचा गुत्ता बंद पाडला, त्या भांडणात तिच्या हाताला टाके पडले. या घरात नशेचं नावसुद्धा काढलेलं चालत नाही.

शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणली, त्यावर हर्षितला बसवलं. मी नेहमीसारखा चुलीजवळ, पाटावर. त्या घरात मी कधी खुर्चीवर बसलेलो नाही.

"दादा, महीने में कौन से दिन आपकी बोट नहीं मिलेगी?" हर्षितने विचारलं.

भावोजींनी बोटांची पेरं मोजली. "भांगाला नाय मिळनार. अष्टमीपासून चार-पाच दिस. म्हैन्यातून दोन वेळा."

एवढ्या वाक्यातून हर्षितला एकच शब्द कळला. त्याने मान वर केली. "भांग?"

"हां, भांग." भावोजींनी पाहुण्यासाठी हिंदी काढली, आणि तिथे घोळ पक्का झाला. "अष्टमी से भांग रेहता."

"सब लोग?"

"पूरा गाव. तांडेल क्या, खलाशी क्या. भांग में कोन नाय निकलता."

"और ज़बरदस्ती किसी ने बोट निकाल ली तो?"

"तो कीचड में जाके पडेगा ना," भावोजी हसले. "उदरच लुडकेगा. चार दिन उठेगा नाय."

हर्षितने गंभीरपणे मान हलवली. चार दिवस उठणार नाही, हे त्याने लिहूनही घेतलं. "ये कब से चल रहा है?"

"बापजाद्यापासून. दर्याचा नेम हाय तो."

मी पाटावर बसून गालाची आतली बाजू चावत होतो. हा माणूस, ज्याच्या लॅपटॉपला हजार डिसेंबर दिसतात, तो माझ्या भावोजींना भांग पिणारा समजत होता. तेही तिथी बघून पिणारा. आधीच मर्कट, तशात मद्य प्याला म्हणतात; इथे मर्कट खुर्चीवर बसलं होतं आणि दुसऱ्याच्या तोंडाचा वास घेत होतं. हेच शब्द तेव्हा माझ्या डोक्यात आले होते आणि मला ते फार आवडले होते.

हर्षितने लॅपटॉप मिटला. भावोजी पुढे सहज म्हणाले, "पन आदी सांगा तुमी. सप्तमीलाच बोट भायेर काढून ठेवतो. भायेर गेलो का भांगाचा कायबी तरास नाय. उलट ओढ नसते, तुमच्या क्यामेऱ्याला बरं."

हे वाक्य मी हर्षितला सांगितलं नाही.

सगळं त्या वाक्यात होतं. भांगाच्या आदल्या दिवशी बोटी बाहेर काढायच्या, समुद्रातच ठेवायच्या, आणि पाणी सुस्त असताना पाइपलाइन तपासून घ्यायची. हजार डिसेंबरांना जे सुचलं नाही ते भावोजींनी चहा पिता पिता सांगितलं. आणि मी, ज्याला तेवढ्यासाठीच पगार मिळत होता, गप्प बसलो, कारण मग गंमत संपली असती.

परतताना रिक्षात हर्षित म्हणाला, "हम किसी की आस्था पर सवाल नहीं उठाएँगे. मॉडल में डाल देंगे." त्याने मांडीवर लॅपटॉप उघडून मला दाखवलं. बोट न मिळण्याच्या कारणांची यादी होती. वादळ, इंजिन बिघाड, परवाना, आजारपण वगैरे. सातव्या क्रमांकावर त्याने नवीन कारण घातलं होतं: कर्मचारी नशेत, भांग, धार्मिक प्रथा.

"सही है ना, शैलेश जी?"

"एकदम सही," मी म्हणालो.

त्यानंतर महिनाभर मी हा किस्सा सांगत हिंडलो. पालघरला सोसायटीच्या गच्चीवर सांगितला, एका साखरपुड्यात सांगितला, केस कापताना न्हाव्याला सांगितला. हर्षितचा चेहरा करून दाखवायचो, 'आस्था' म्हणताना त्याच्या भुवया कशा वर जातात ते करून दाखवायचो. लोक हसून लोळायचे. जयवंतीला तेवढं सांगितलं नाही. तिला हसू आलं नसतं हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं याचा अर्थ काय होतो ते मी बघितलं नाही.

नोव्हेंबरमधले दोन्ही भांग असेच गेले. एकदा जहाज दुरुस्तीला गेलेलं, एकदा परवाना आला नव्हता. मॉडेलने भांगाचे दिवस लाल केले, ते लालच राहिले. हर्षित खूश. उंटावरून शेळ्या हाकताना शेळ्या आपोआप गोठ्यात गेल्या तरी हाकणाऱ्याला वाटतंच की आपण हाकल्या.

मग डिसेंबर आला. हजारातला नव्हे, खरा. पहिला आठवडा वारा सुटला, काम बंद. मग समुद्र एकदम पडला. पाच दिवस पाणी तव्यासारखं सपाट राहणार आणि नंतर पुन्हा जोराचा वारा, असा अंदाज आला. पाच दिवस म्हणजे राहिलेलं सगळं काम उरकणार. पण ते पाच दिवस नेमके अष्टमीपासूनचे. मॉडेलने पाचही दिवस लाल करून टाकले आणि काम पौर्णिमेच्या उधाणात ढकललं, जेव्हा ओढीपायी कॅमेरा धड उभाही राहत नाही. जहाज सपाट समुद्रात नुसतं उभं.

नवमीच्या दुपारी मुंबईहून बड्या साहेबांचा फोन आला. हर्षितने स्पीकर लावला, मीही तिथेच होतो. जहाज का उभं आहे, असं विचारल्यावर हर्षितने सांगितलं की स्थानिक कर्मचारी प्रथेप्रमाणे नशेत आहेत. मग साहेब जे बोलले त्यातलं लिहिण्याजोगं एवढंच, की उद्या सकाळी एकेकाची तपासणी करा, जो शुद्धीवर असेल त्याला बोटीत बसवा आणि बोटी बाहेर काढा. नाही निघाल्या तर चारही बोटींचं काम बंद, गुजरातमधून दुसऱ्या आणू.

फोन ठेवला तेव्हा खाली शेव तळत होते. हर्षित खोकत होता. मी त्याला एका वाक्यात सांगू शकलो असतो. पण मग त्याने विचारलं असतं, दोन महिने का गप्प होतात? शिवाय वाटलं, भावोजी काय वेडे आहेत? ते नाही म्हणतील, बोट निघणार नाही, हर्षित तोंडावर आपटेल, आणि मला किस्स्याचा दुसरा भाग मिळेल. मी फक्त भावोजींना फोन करून कळवलं की कंपनीला उद्या, दशमीला, बोटी बाहेर हव्यात.

"दशमीला?" भावोजी थोडे थांबले. ते तिथीची पाऊणपट करत असणार. आमच्याकडे भरतीची वेळ तशीच काढतात. दहाची पाऊणपट साडेसात. "साडेसात ते आट पानी असल. बोट रिकामी केली, बरफ नाय, जाळी नाय, डिझेल थोडं, तर कदाचित निंगंल. कदाचित, हां. आटच्या पुडं एक मिनिट नाय."

"बघा मग," मी म्हणालो.

"कंपनीला गरज हाय तर बगतो. शब्द दिलाय."

रात्रीतून त्यांनी बोट रिकामी केली. हर्षितला मी एवढंच सांगितलं की आठच्या आत निघावं लागेल. त्याने मान हलवली आणि वेळापत्रकात लिहिलं: सात ते आठ तपासणी, आठ वाजता प्रस्थान.

दशमीच्या सकाळी आम्ही जेट्टीवर पोहोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. सोबत सुरक्षा विभागाच्या हेतल मॅडम, हातात खोका, तो त्यांनी जेट्टीलगतच्या वाळूवर मांडला. खोक्यात लघवीतून नशा ओळखायच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे पेले. सतरा माणसं. एकेकाने बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीआड जायचं, पेला भरून आणायचा, हेतल मॅडमनी पट्टी बुडवायची, पाच मिनिटं थांबायचं, नाव लिहायचं, फोटो काढायचा. बाजूला बायका बोंबील निवडत बसल्या होत्या. आधी त्या हसल्या. मग साठीचे रामा तांडेल हातात पेला घेऊन, मान खाली घालून त्यांच्यासमोरून गेले, तेव्हा हसणं थांबलं.

भावोजींना वाटलं काहीतरी मेडिकल आहे, सरकारी. त्यांनी पेला भरून दिला आणि घड्याळ बघत उभे राहिले. पावणेआठला म्हणाले, "शैलेश, ह्यांना सांग, आमाला जाऊ दे, मागनं बगा काय ते." मी हर्षितला सांगितलं. हर्षित म्हणाला, "प्रोसेस पूरी होने दीजिए." मी भावोजींना सांगितलं. मधे उभा राहण्याचं काम मी चोख करत होतो.

आठ वाजले. सव्वाआठ. खाडीतल्या बांबूवरची ओली खूण हळूहळू वर दिसायला लागली. पाणी उतरत होतं. नऊ वाजता हेतल मॅडमनी सतरावी पट्टी वाळूत ठेवली.

"सगळे निगेटिव्ह," त्या म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

हर्षितने भावोजींचा हात हातात घेतला. "दादा, बहुत बढ़िया. अब निकलिए."

"आता नाय," भावोजी म्हणाले. "पानी गेलं. भांग हाय."

"नहीं है दादा. टेस्ट में आ गया. भांग नहीं है."

"कोन बोलतो भांग नाय? दशमी हाय आज."

हर्षितने वाळूतली पट्टी उचलून त्यांच्यासमोर धरली. "ये बोलती है."

भावोजी पट्टीकडे बघत राहिले. आधी कळलं ते जयवंतीला. ती बोंबिलाची टोपली टाकून उठली आणि हर्षितसमोर येऊन उभी राहिली. "आमची मानसं भांग पितात असं लिवलंय तुमी? ह्या पेल्यात ते बगत व्हते?"

हर्षितने माझ्याकडे बघितलं. मग भावोजींनी बघितलं. मग सतरा माणसांनी आणि बायकांनी. हीच वेळ होती. मी म्हणायला हवं होतं की भांग म्हणजे लहान भरती, हा माणूस चुकलाय आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी म्हणालो, "नंतर बोलू, भावोजी. आधी टाइमचं बघा."

आणि तेवढ्यात हर्षितच्या फोनवर बडे साहेब. स्पीकर चालूच होता. "निकले कि नहीं? या अभी भी पी के पड़े हैं सब?"

भावोजींनी डोक्याचा रुमाल काढला, झटकला आणि पुन्हा बांधला. "निंगतो," ते म्हणाले. "बगू दे ह्यांना कोन पिलेला हाय."

"अवो, नको!" जयवंती ओरडली. "पानी बगा आदी!"

ज्या माणसाने चाळीस वर्षांत पाण्याचा हिशोब चुकवला नाही, त्याला हिशोब माहीत होता. त्याने माणसंसुद्धा घेतली नाहीत. एकट्याने इंजिन सुरू केलं, दोर सोडला आणि 'हेमाली' खाडीच्या तोंडाकडे निघाली. मागे बाकीच्या तीन बोटी होत्या तिथेच राहिल्या. हर्षितने मोबाइलवर फोटो काढला. मुंबईला पाठवण्यासाठी.

दहा मिनिटं लागली. तोंडावर बोट एकदा थबकली, भावोजींनी इंजिनाचा जोर वाढवला, मागे काळा चिखल उसळला, आणि बोट टेकली. नुसती टेकली. पाणी उतरत गेलं तशी ती हळूहळू एका कुशीवर गेली. भावोजी कंबरभर चिखलातून चालत किनाऱ्याला आले तेव्हा छातीपर्यंत काळे झाले होते. तसेच ते घरी गेले.

"ये क्या हुआ?" हर्षित विचारत होता. "शैलेश जी, ये हुआ क्या?"

तेव्हा मी सांगितलं. भांग म्हणजे काय, उधाण म्हणजे काय, खाडी, गाळ. सप्तमीला बोट बाहेर काढून ठेवतो हे भावोजींचं वाक्यही सांगितलं. सांगायला दोन मिनिटं लागली. हर्षित ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. मला वाटलं आता तो नाचता येईना अंगण वाकडं करेल. तो तसलं काही म्हणाला नाही.

"मैंने आपसे पूछा था," तो म्हणाला. "रिक्षा में. मैंने पूछा था, सही है ना."

मग तो वाळूत बसून पट्ट्या गोळा करायला लागला. सगळ्या, एकेक करून.

भांगात टेकलेली बोट पुढचं उधाण भरेपर्यंत उठत नाही. भावोजींनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं, चार दिवस. चार दिवस 'हेमाली' तोंडावर आडवी पडून राहिली, अख्ख्या किनाऱ्याला दिसेल अशी. प्रत्येक भरतीला तीन बोटींनी दोर बांधून ओढलं, हलली नाही. त्रयोदशीला अंदाजाप्रमाणे वारा सुटला. एवढा एक अंदाज बरोबर आला. लाटा तिला उचलायच्या आणि त्याच गाळावर आपटायच्या. चतुर्दशीला पाणी चढलं तेव्हा सगळा गाव बघायला होता. बोट तरंगायला हवी होती. तळाच्या फळ्या उघडल्या होत्या. पाणी आत शिरलं आणि ती होती तिथेच भरून बसली.

कंपनीने रिपोर्ट मागितला. हर्षितने भरला. बोट का बुडाली, या प्रश्नाला यादीतून कारण निवडायचं असतं. यादीत गाळ नव्हता, लहान भरती नव्हती, माणसाचा अपमान नव्हता. त्याने बराच वेळ यादी वर-खाली केली आणि सातवं कारण निवडलं. मॉडेलमध्ये पहिल्यांदाच एक नोंद अक्षरशः खरी होती. भांगानेच बोट गेली. मुंबईच्या साहेबांनी ती वाचली, माणसं नशेतच होती असं ठरवलं, आणि तपासणीच्या पट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या घ्या असा शेरा मारला. चारही बोटींचं काम गेलं. खाली 'स्थानिक माहितीची खातरजमा' असा रकाना होता. तिथे माझी सही लागते. मी केली.

त्यानंतर आठवड्याने मी बहिणीकडे गेलो. जयवंती मागच्या अंगणात काठ्यांवर बोंबील टाकत होती, दुसऱ्याच्या बोटीचे, रोजावर. भावोजी आत झोपले होते, सकाळी अकरा वाजता. मी नेहमीसारखा चुलीजवळचा पाट ओढायला गेलो.

"तुला ठावं व्हतं?" तिने विचारलं. मान वर केली नाही. "तो भांग म्हंजे काय समजलाय ते?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "मस्करी होती, बाय," मी म्हणालो. "वाटलं, त्याचीच होईल."

ती बोंबील टाकत राहिली. एक काठी भरली, दुसरी घेतली. मला वाटलं शिव्या देईल. तिच्या शिव्या मी लहानपणापासून खात आलोय, मी त्यांचीच वाट बघत होतो. गुत्ता बंद पाडताना तिने पोलिसांना दिलेल्या शिव्या अजून बंदरावर सांगतात.

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि घराकडे तोंड करून मुलीला हाक मारली.

"हेमाली, शेजारनं खुर्ची आन गं. साहेब आलेत."

हेमालीने आणली. तीच, प्लास्टिकची. चुलीपासून लांब, दाराजवळ ठेवली, फडक्याने पुसली आणि बाजूला उभी राहिली. पाट कुणीतरी आत नेला होता. मी खुर्चीवर बसलो.